साताऱ्याचा माउस, ठाण्याचा हात

"आजोबा, वरच्या डाव्या कोपऱ्यात काय दिसतंय?"

"डाव्या कोपऱ्यात? पाल आहे रे."

"पाल? कॉम्प्युटरवर?"

"कॉम्प्युटरवर नाही, भिंतीवर. तूच म्हणालास ना, वर बघा म्हणून!"

दोस्तांनो, हसू नका. हा संवाद माझ्या भाच्याचा आणि त्याच्या आजोबांचा आहे. भाचा ठाण्यात राहतो, आठवीत शिकतो. आजोबा साताऱ्यात एका छोट्या वाचनालयाचं काम बघतात. वाचनालयातल्या तीन हजार पुस्तकांची यादी त्यांनी दोन वर्षं खपून कॉम्प्युटरवर चढवली होती. त्या दिवशी सकाळी यादी उघडली, तर पुस्तकं फक्त अकरा! बाकीची गायब. आजोबांच्या पोटात गोळाच आला.

भाच्याला फोनवरूनच कळलं होतं, की यादी पुसली गेलेली नाही. चुकून कुठेतरी चाळणी लागली आहे, म्हणजे कॉम्प्युटर ठरावीक पुस्तकंच दाखवतोय आणि बाकीची लपवून ठेवतोय. पण ती चाळणी काढायचं बटण कुठे आहे, हे फोनवरून सांगायचं कसं? "छोटासा बाण दिसतोय का?" "एक का, दहा दिसतायत!" पाऊण तास हा खेळ चालला. शेवटी मागून आजीचा आवाज आला, "अरे, तू इथे असतास तर मिनिटभराचं काम होतं!"

आजीचं अगदी बरोबर होतं. पण ठाण्याहून साताऱ्याला एसटीनं जायचं तर पाच-सहा तास. शिवाय दुसऱ्या दिवशी गणिताची चाचणी.

मग भाच्यानं काय केलं? तो घरातून हललाही नाही, आणि साताऱ्याला जाऊन आला! दहाएक मिनिटांनी आजोबांच्या स्क्रीनवरचा बाण आपोआप चालायला लागला. आजोबांचे दोन्ही हात मांडीवर होते. आजी तर "अगं बाई, हे काय!" म्हणत उठलीच. बाण सरसर वर गेला, एका ठिकाणी टिचकी बसली, आणि तीन हजार पुस्तकं पुन्हा जागच्या जागी हजर.

या जादूचं नाव रिमोट डेस्कटॉप. मराठीत सांगायचं, तर दुरून दुसरा संगणक चालवणं. चला, आज या जादूच्या पोतडीत काय काय दडलंय ते पाहू. आणि हो, या गोष्टीचा खरा शेवट अजून व्हायचा आहे. तो जरा गंभीर आहे.

चित्र इकडे, बोटं तिकडे

भाच्यानं साताऱ्याचा कॉम्प्युटर चालवला, म्हणजे नेमकं काय झालं? दोनच गोष्टी. साताऱ्याच्या स्क्रीनचं चित्र ठाण्याला आलं, आणि ठाण्याच्या माउसच्या व कीबोर्डच्या हालचाली साताऱ्याला गेल्या. बस्स! यादी साताऱ्यातच राहिली. सगळं काम तिथल्याच कॉम्प्युटरनं केलं. भाच्यानं फक्त डोळे आणि बोटं उसनी दिली.

ऐकायला सोपं वाटतं ना? मग एक गणित करू. वही-पेन्सिल घ्या.

आजकालच्या बऱ्याच स्क्रीनवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार झाला २०,७३,६००. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला ३ बाइट लागतात. म्हणजे एका चित्राला ६२,२०,८०० बाइट. चित्र हलतं दिसायला सेकंदाला अशी ३० चित्रं पाठवायची म्हटली, तर १८,६६,२४,००० बाइट. एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ १५० कोटी बिट! आणि घरातलं इंटरनेट ५० एमबीपीएसचं असेल, तर त्यातून सेकंदाला जाऊ शकतात ५ कोटी बिट. थोडक्यात, एका एसटीत तीस गाड्यांचे प्रवासी कोंबायचे!

मग जमतं कसं? इथे कॉम्प्युटर एक युक्ती करतो. तो सगळं चित्र पुन्हा पुन्हा पाठवत नाही. जेवढा भाग बदलला तेवढाच पाठवतो. आजोबांच्या स्क्रीनवर नुसता बाण हलला, तर बाणाच्या आसपासचा तुकडा पाठवला की काम झालं. तोही घडी घालून, म्हणजे आकारानं लहान करून. म्हणूनच यादी दुरून छान दिसते, पण सिनेमा लावला तर तो अडखळू शकतो. सिनेमात सगळंच चित्र सतत बदलत असतं ना!

अंतराचाही परिणाम होतो बरं का. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. समजा, तुमचा मामा न्यू यॉर्कला आहे आणि तो तिथून तुमचा मुंबईचा कॉम्प्युटर चालवतोय. एका बाजूचं सरळ अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. त्यानं टिचकी मारली, ती मुंबईला आली आणि चित्र परत गेलं, असा २५,००० किलोमीटरचा फेरा झाला. याला कमीत कमी सेकंदाचा आठवा भाग लागणारच. इंटरनेट कितीही महागाचं घ्या, प्रकाशाला कोणी ढकलू शकत नाही!

वॉचमन आत सोडत नाही!

आता खरी अडचण. ठाण्याच्या कॉम्प्युटरला साताऱ्याचा कॉम्प्युटर सापडणार कसा?

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे हे पत्ते एकूण ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ आहेत. एवढे पुरे, असं सुरुवातीला वाटलं होतं. पण जगात माणसंच ८०० कोटींहून जास्त, आणि एकेका घरात तीन-चार मोबाइल! मग एक तोड निघाली. इंटरनेटचा पत्ता घराच्या राउटरला द्यायचा, आणि घरातल्या यंत्रांना आतले नंबर द्यायचे.

म्हणजे कसं, तर हाउसिंग सोसायटीसारखं. पोस्टमनला सोसायटीचा पत्ता ठाऊक. आतमध्ये फ्लॅट नंबर ५. पण 'फ्लॅट नंबर ५' ठाण्यातल्या सोसायटीत असतो आणि साताऱ्यातल्याही. तसेच १९२.१६८ ने सुरू होणारे आतले नंबर जगातल्या कोट्यवधी घरांत तेच ते असतात. त्यामुळे नुसत्या आतल्या नंबरावर बाहेरून कोणी पोचू शकत नाही.

राउटर हा सोसायटीचा वॉचमन. तुम्ही स्वतः बाहेर निरोप पाठवलात, तर त्याचं उत्तर तो आत येऊ देतो. पण अनोळखी पाहुणा थेट फाटकावर आला, तर म्हणतो, "कोणाकडे जायचंय? मला कोणी सांगितलेलं नाही." आणि परत पाठवतो.

यावर दोन उपाय आहेत.

पहिला उपाय : वॉचमनला सांगून ठेवायचं, की अमुक नंबरच्या दारानं येईल त्याला थेट फ्लॅट ५ मध्ये सोड. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचं दार ठरलेलं आहे, ३३८९. पण मग त्या दारातून आपलाच भाचा येईल असं थोडंच आहे? चोरही रोज जगभरातली दारं ठोठावत फिरत असतात. मे २०१९ मध्ये विंडोजच्या काही जुन्या आवृत्त्यांत याच सोयीत एक मोठं भगदाड सापडलं. ते इतकं धोक्याचं होतं, की मायक्रोसॉफ्टनं २०१४ मध्येच निवृत्त केलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा डागडुजी पाठवली. म्हणून हे दार इंटरनेटवर उघडं टाकायचं नाही. शिवाय काही इंटरनेट कंपन्या अनेक घरांना मिळून एकच पत्ता देतात. तिथे हा उपाय चालतही नाही.

दुसरा उपाय : गावातल्या पारावर भेटायचं! ठाण्याचा कॉम्प्युटर घराबाहेर पडून पारावर येतो, साताऱ्याचाही येतो. दोघेही स्वतःहून बाहेर पडलेले, त्यामुळे वॉचमनची हरकत नाही. पारावर खूण पटली की दोघांचं बोलणं सुरू. हा पार म्हणजे मधल्या कंपनीचा मोठा संगणक, म्हणजेच सर्व्हर. बोलणंही सांकेतिक भाषेत, त्यामुळे वाटेतल्या कोणी कान लावला तरी त्याला काही उमगत नाही. भाच्यानं हाच उपाय वापरला.

ही कल्पना सुचली कोणाला?

९ डिसेंबर १९६८. अमेरिकेतलं सॅन फ्रान्सिस्को शहर. डग्लस एंगेलबार्ट नावाचा संशोधक सुमारे हजार लोकांसमोर बसला होता. हातात एक विचित्र खोकं. तो होता माउस! बहुतेकांनी तो आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला. आणि गंमत म्हणजे, एंगेलबार्ट जो संगणक चालवत होता तो त्या सभागृहात नव्हताच. तो होता सुमारे ४८ किलोमीटर दूर, मेनलो पार्कला. म्हणजे माउस आणि दुरून चालवलेला संगणक, दोन्ही गोष्टी त्या लोकांनी एकाच दिवशी पाहिल्या म्हणा ना!

दुसरी गोष्ट इंग्लंडमधल्या केंब्रिजची. तिथल्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीचं भांडं एका खोलीत, आणि पिणारे वेगवेगळ्या मजल्यांवर. जिने उतरून यावं तर भांडं रिकामं! वैतागून १९९१ मध्ये त्यांनी भांड्यासमोर कॅमेरा लावला. मिनिटाला तीनेक वेळा बदलणारं छोटंसं काळं-पांढरं चित्र प्रत्येकाच्या स्क्रीनवर दिसू लागलं. हे काम करणाऱ्यांपैकी एक होते क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर. पुढे त्याच शहरातल्या दुसऱ्या एका प्रयोगशाळेत व्हीएनसी हा दुरून संगणक चालवायचा प्रोग्रॅम तयार झाला, तेव्हा त्या चमूतही ते होते. हा प्रोग्रॅम १९९८ मध्ये सगळ्यांना फुकट खुला झाला. कॉफीचा आळस असा कामी आला!

आता करून पाहू

आई किंवा बाबांना शेजारी बसवा. खातंही त्यांचंच वापरा. हे काम करणारे प्रोग्रॅम बरेच आहेत. आपण गूगलचा क्रोम रिमोट डेस्कटॉप घेऊ, कारण तो फुकट आहे आणि विंडोज, मॅक दोन्हीवर चालतो. (विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा रिमोट डेस्कटॉप असतो. पण घरच्या कॉम्प्युटरवर सहसा 'होम' आवृत्ती असते, आणि तिला या सोयीनं दुरून चालवता येत नाही. त्यासाठी 'प्रो' आवृत्ती लागते.)

वाट क्रमांक १ : आपलाच कॉम्प्युटर दुरून चालवायचा. बाबांना गावाहून घरच्या कॉम्प्युटरमधली एखादी फाइल हवी आहे, अशा वेळी ही वाट.

१. घरच्या कॉम्प्युटरवर क्रोममध्ये रिमोटडेस्कटॉप डॉट गूगल डॉट कॉम हे पान उघडा आणि खात्यात शिरा.

२. रिमोट ॲक्सेसची सोय निवडा. तो सांगेल तो प्रोग्रॅम उतरवून बसवा. मॅक असेल तर स्क्रीन दाखवायची आणि माउस चालवायची परवानगी वेगळी द्यावी लागते.

३. कॉम्प्युटरला नाव द्या आणि कमीत कमी सहा आकडी पिन ठरवा. १२३४५६ किंवा जन्मतारीख नको!

४. दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्याच खात्यातून तेच पान उघडा, नावावर टिचकी मारा, पिन द्या. झालं!

घरचा कॉम्प्युटर झोपी गेला, तर हाक ऐकू जाणार नाही. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन त्याची आपोआप झोपायची सवय बंद करा. आणि घरची वीज गेली, तर कॉम्प्युटर आणि राउटर दोघेही गप्प. मग गाव गाठण्याशिवाय इलाज नाही!

वाट क्रमांक २ : दुसऱ्याला मदत करायची. आजोबांसाठी हीच वाट चांगली, कारण यात कायमची किल्ली द्यावी लागत नाही. आजोबांनी आपल्या कॉम्प्युटरवर त्याच पानावरचा मदतीचा, म्हणजे रिमोट सपोर्टचा भाग उघडायचा. तिथे त्यांना बारा आकडी नंबर मिळतो. तो एकदाच चालतो. आजोबांनी तो फोनवर सांगायचा, नातवानं आपल्याकडे टाकायचा. मग आजोबांच्या स्क्रीनवर प्रश्न येतो, अमुक माणसाला येऊ द्यायचं का? त्यांनी हो म्हटलं तरच दार उघडतं. काम चालू असताना दर अर्ध्या तासानं पुन्हा विचारणा होते, आणि 'थांबवा' हे बटण सतत आजोबांच्या हाताशी असतं.

आणि मग तो फोन आला

यादी परत आली त्याला पंधरा दिवस झाले होते. तेवढ्यात नातवानं आणखी दोन-तीनदा मदत केली. आजोबा आता तयार झाले होते. चष्मा लावायचा, नंबर शोधायचा, खणखणीत आवाजात वाचायचा.

एका दुपारी फोन वाजला. पलीकडचा माणूस अगदी नम्र. "सर, बँकेतून बोलतोय. तुमची केवायसी संपली आहे. संध्याकाळी खातं बंद होईल. काळजी करू नका, मी दुरूनच करून देतो. मोबाइलवर एक ॲप घ्या आणि त्यात दिसतो तो नऊ आकडी नंबर मला वाचून दाखवा."

दुरून करून देतो! आजोबांना यात नवीन काहीच वाटलं नाही. नातू तर नेहमीच करतो. त्यांनी ॲप घेतलं. चष्मा लावला. "लिहून घ्या," म्हणाले, आणि पहिले चार आकडे वाचलेसुद्धा.

स्वयंपाकघरातून आजी बाहेर आली. "अहो, नातवाला आपण फोन करतो. हा कोण आपल्याला फोन करणारा?"

आजोबा थांबले. त्यांनी फोन ठेवला. तो पुन्हा वाजला, पुन्हा पुन्हा वाजला. त्यांनी उचलला नाही.

उरलेले पाच आकडे वाचले असते आणि पुढे 'परवानगी द्या' म्हटलं असतं, तर? त्या माणसाला आजोबांच्या मोबाइलची स्क्रीन दिसली असती. बँकेचा ओटीपी कोणाला सांगायचा नाही, हे आजोबांना पाठ होतं. पण ओटीपी स्क्रीनवर येतो, आणि स्क्रीनच दिसत असेल तर सांगायची गरजच काय? नेमक्या अशाच फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केलं होतं. त्यात वापरलं जाणारं ॲप खोटं असतंच असं नाही. लाखो लोक कामासाठी वापरतात तेच ॲप असतं. कुलूप चांगलंच असतं, पण आपणच चोराला किल्ली दिली तर ते बिचारं काय करणार?

संध्याकाळी भाच्याला हे कळलं. तो बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, "मामा, नंबर वाचून दाखवायची सवय आजोबांना मीच लावली ना?"

खरं होतं. मदत करणं चांगलंच, पण कोणाला किल्ली द्यायची हे शिकवायचं राहून गेलं होतं. मी त्याला म्हटलं, "मग आता तेही शिकव." त्यानं एक कागद तयार केला. तो आज साताऱ्यात कॉम्प्युटरच्या शेजारी चिकटवलेला आहे :

• फोन आपण करायचा. जो स्वतःहून फोन करून मदत देऊ करतो, त्याला नंबर द्यायचा नाही. तो बँकेचा असो, पोलिसाचा असो की कॉम्प्युटर कंपनीचा.

• फोन डायरीतल्या ओळखीच्या नंबरावरच करायचा.

• मदत चालू असताना बँकेचं पान उघडायचं नाही. पासवर्ड टाकायचाच असेल, तर आधी 'थांबवा' दाबायचं.

• काम झालं की 'थांबवा' दाबायचं आणि खरंच थांबलं ना ते बघायचं.

• घाई करतो तो चोर समजायचा. नातू कधी घाई करत नाही.

शेवटचं वाक्य आजोबांनी सांगून घातलं. (खरं म्हणजे नातू भरपूर घाई करतो. पण असो!)

एक गोष्ट तुमच्यासाठीही. दुसऱ्याचा कॉम्प्युटर समोर आला की डोकावायचा मोह होतो. मित्रानं गणिताच्या फाइलसाठी बोलावलं, तर त्याचे फोटो उघडायचे नाहीत. आणि न विचारता कोणाच्याही कॉम्प्युटरमध्ये शिरायचं नाही, अगदी गंमत म्हणूनसुद्धा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार ते बेकायदेशीर आहे.

आई-बाबांसाठी

नंबर चुकून दिला गेलाच, तर घाबरून गप्प बसू नका. आधी वाय-फाय आणि मोबाइल डेटा बंद करा. मग दुसऱ्या फोनवरून कार्डामागच्या किंवा पासबुकातल्या नंबरावर बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तक्रार नोंदवा. जितकं लवकर कळवाल, तितकी पैसे वाटेतच अडवले जाण्याची आशा जास्त. नंतर ते ॲप काढून टाका आणि दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदला. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना रागावू नका. रागावलात तर पुढच्या वेळी ते सांगणारच नाहीत.

तर दोस्तांनो, या रविवारी आजी-आजोबांना फोन करा. त्यांच्या कॉम्प्युटरचं काही अडलंय का विचारा. दुरून जाऊन दुरुस्त करून या. पण त्याआधी त्यांना कागद-पेन घ्यायला सांगा आणि वरचे नियम लिहून द्या.

आमच्या भाच्याला परवा मदत करायची होती. आजोबांना वेळ नव्हता, म्हणून त्यानंच साताऱ्याला फोन लावला आणि म्हणाला, "आजोबा, नंबर सांगा."

पलीकडून उत्तर आलं, "तू ठेव. मी करतो तुला फोन!"